दिलीपदादा आणि तांबडी गोचीड

माणूस गेला की त्याचे किस्से वाढत जातात. आमच्या दिलीपदादाला मलकापूरहून येताना ट्रकनं उडवलं. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एक सांगून जातो. माझ्याजवळचे सगळे मधमाश्यांच्या पेट्यांचे आहेत.

*

माशीच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढी तांबडी गोचीड लागते. दादा तिला माइट म्हणायचा. किती लागली ते बघायला जाळीच्या झाकणाच्या बरणीत मूठभर माश्या घ्यायच्या, वरून पिठीसाखर टाकून हलवायचं. गोचिडी जाळीतून कागदावर पडतात, माश्या साखर चाटत घरी!

सुलतानपूरचा दुकानदार विचारायचा, "सारखी पिठीसाखर नेऊन राह्यला भाऊ, कोन आलं घरी?"

"पाव्हने! रक्त पेऊन राह्यले!"

*

पेट्या बनवणारे सलीमभाई सुतार एकदा बघतच राहिले. दादा नर माश्यांच्या पिलांचं पोळं कापून फेकत होता. गोचीड तिथंच जास्त वाढते.

"अबे, सगळे दुल्हे मारले त राणीचं लगन कोनासंग लावतं?"

"तुमी हाय ना, सलीमभाई!"

सलीमभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "घरी नको सांगू."

*

गोचिडीवर औषध म्हणून टाकायचं ॲसिड फार उग्र. दादा म्हणाला, "दूर राह्य." वास कसा असतो बघू म्हणून मी बाटलीला नाक लावलं आणि आडवाच झालो! माझ्या तोंडावर पाणी मारता मारता दादा ओरडत होता, "गोचिडीले मारायचं होतं बे, तुले नाही!"

*

दादा गेला आणि औषध टाकायचं राहून गेलं. परसातल्या दोन पेट्या रिकाम्या झाल्या. उरलेल्यांच्या दारातून वाकड्या पंखांच्या माश्या रांगत बाहेर पडू लागल्या.

काका, म्हणजे दादाचे वडील, म्हणाले, "सुतक हाय. तेरवीपरेंत हात लावाचा नाही."

"तेरवीलोक माशी त राह्यली पाह्यजे!" म्हणत मी बरणी उचलली. काका काठी घेऊन मागे. वहिनी ओसरीतून बघत होती. मी काकांच्या पायाशीच कागद पसरला आणि त्यावर बरणी झटकली.

काठी वर गेली ती तिथंच थांबली.

"हे हालते काय?"

"हाव."

"हे बी? अन हे?"

काकांनी एक अंगठ्यानं चिरडली. मग गुडघेच टेकले. "एवढ्या! टाक बे औषध, साऱ्या पेट्याईले टाक!"

कागदाला नाक लावून ते एकेक शोधू लागले. नीट दिसेना, तसे मान न वळवताच ओरडले, "दिलप्या, माहा चष्मा आन बे!"

मी बरणी खाली ठेवली.

वहिनी उठली, आत गेली आणि चष्मा घेऊन आली.