कप्तानाचे पंधरा-सोळा सेकंद

तरणतलावावर सगळे त्याला कप्तान म्हणत. जहाज त्याने कधी जवळून पाहिलंही नव्हतं. पण गळ्यात शिट्टी, डोक्यावर पांढरी टोपी आणि चालण्यात ऐट, म्हणून तिकीट खिडकीवरच्या बाईंनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बारा वर्षं तो तिथे जीवरक्षक होता आणि नव्या लोकांना पोहायलाही शिकवायचा.

त्या सकाळी ड्यूटीवर तो एकटाच होता. जोडीदार रजेवर, बदली माणूस आलाच नव्हता. नव्याने शिकायला येणारे एक निवृत्त काका, जिथे तळ खोल होत जातो तिथे पाण्याखाली गेले. कप्तानाने ते पाहिलं. आदल्या दिवशी काका श्वास रोखण्याचा सराव करत होते, तसंच असेल म्हणून त्याने मान वळवली आणि काठावर पळणाऱ्या दोघांना शिट्टी मारून झापलं. पुन्हा पाहिलं तेव्हा काका तिथेच होते. हलत नव्हते.

त्याने उडी मारली, त्यांना ओढून काठावर घेतलं, छाती दाबली. काकांच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला आला. आठवड्याभरात कप्तानाच्या नावाचं प्रशस्तिपत्र फ्रेम होऊन तिकीट खिडकीशेजारी लागलं.

तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. तलावात बावीस डोकी असली तर तो बावीस मोजायचा, लगेच पुन्हा मोजायचा. एकवीस भरली की शिट्टी तोंडात धरून काठाने धावायचा. मग कळायचं, कुणीतरी चष्मा पुसायला बाहेर आलंय. घरी बायको न्हाणीघरात गेली की हा दाराबाहेर उभा. नळ बंद झाला की दारावर थापा.

"अहो, माझ्या अंघोळीवर पहारा कसला?" ती आधी हसली. चौथ्यांदा मात्र ओल्या केसांनीच बाहेर आली आणि तिने त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

तिने नणंदेला फोन केला. ताई कंपनीच्या कामासाठी दिवसभर संगणकापुढे बसणारी. तिने अशा वेळी ऑनलाइन बोलता येईल अशा समुपदेशक बाई शोधल्या आणि भावाला गुरुवारी दुपारी दोनची वेळ ठरवून दिली.

"मी काय वेडा झालोय का?" कप्तान भडकला.

"वेडा झाला असतास तर मी एवढी घाबरले नसते," ताई म्हणाली. "बोल म्हटलं ना, बोल."

दुपारी तलाव दीड ते तीन बंद असे. पंपाच्या खोलीत, क्लोरीनच्या पिंपांच्या मधे उलटी बादली टाकून तो तिच्यावर बसला. फोनचा कॅमेरा त्याने बंदच ठेवला.

"चालेल," बाई म्हणाल्या. "मागे कसला आवाज येतोय?"

"पंप आहे. बंद केला तर पाणी गढूळ होतं."

"मग राहू दे. जरा मोठ्याने बोलू आपण."

पहिल्या दोन गुरुवारी तो फक्त झोपेबद्दल बोलला. बाईंनी त्याला मोजणी सुरू झाली की श्वास सावकाश सोडायला शिकवलं. थोडा फरक पडला, पण काका हिंडूफिरू लागले होते आणि दर सोमवारी येऊन "माझा देवमाणूस" म्हणत त्याचा हात धरायचे. त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

तिसऱ्या गुरुवारी बाईंनी विचारलं, "काका हात धरतात तेव्हा नेमकं काय होतं?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. "कप्तान, गोदामाची किल्ली आहे का?" माळी होता. कप्तानाने फटीतून किल्ली दिली, कडी लावली. फोन ठेवून द्यावा असं वाटलं. अंगठा लाल बटणावर गेलासुद्धा.

"आहात का तिकडे?" बाई म्हणाल्या.

"मी त्यांना बुडताना पाहिलं होतं," तो एकदम बोलून गेला. "पंधरा-सोळा सेकंद गेले, बाई. मी दुसरीकडे बघत होतो. आणि लोक मला देवमाणूस म्हणतात."

तुमची चूक नाही, असं बाई म्हणाल्या नाहीत. "हे आधी कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"फार जड वाहिलंत," त्या म्हणाल्या, आणि कप्तान ओंजळीत तोंड लपवून रडला.

काकांना सांगावं का, यावर पुढचे दोन गुरुवार गेले. बाईंनी सांगा म्हटलं नाही, नका सांगू असंही नाही. "सांगून तुम्हाला त्यांच्याकडून काय हवंय?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं. अखेर तो म्हणाला, "काही नको. त्यांनी हात धरायचं थांबवलं तरी पुरे."

सोमवारी काका आले. बाकावर त्यांच्या शेजारी बसून त्याने एका दमात सगळं सांगितलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे तू बघितलं होतंस?"

"हो, काका."

काका पिशवी उचलून निघून गेले. नंतरचे नऊ दिवस कप्तानाचा जीव टांगणीला लागला. दहाव्या दिवशी ते आले, पण बसले नाहीत.

"मी तक्रार दिलीय," ते म्हणाले. "ड्यूटीवर दुसरा माणूस का नव्हता, याची. तुझं नावही घातलंय. खोटं कशाला लिहू?"

"बरोबर केलंत."

"बरोबर-बिरोबर मला माहीत नाही. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या."

चौकशी झाली. कप्तानाला लेखी ताकीद मिळाली, फ्रेम खाली उतरली आणि तलावावर दोन जीवरक्षक असल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा नियम झाला. बायकोला त्याने स्वतःच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे आधी बोलला असतात तर!" आणि दिवसभर अबोला धरला.

काका पुन्हा पोहायला शिकू लागले, पण नव्याने आलेल्या जीवरक्षक बाईंकडे. कप्तानाला लांबूनच मान हलवून ओळख देत.

"वाईट वाटलं?" समुपदेशक बाईंनी विचारलं. आता तो कॅमेरा सुरू ठेवत असे.

"वाटलं ना. बारा वर्षं मी शिकवतोय, आणि ते तिच्याकडे गेले." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "पण या सोमवारी दोन्ही वेळा पोटभर जेवलो."

"मोजणं?"

"आहेच. पण आता बावीस भरले की थांबतो."

"मग पुढचा गुरुवार सोडून त्याच्या पुढच्या गुरुवारी बोलूया का?"

"नको," तो म्हणाला. "अजून महिनाभर तरी दर गुरुवारीच."