दोन बाजांचा मळा

"एवढी जागा कायले रिकामी ठेवली, बाई?"

मुकुटबनच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले, त्या दिवशी गावात मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. माझी ट्रंक अजून ओसरीवरच होती. मागच्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुंपणावरून एक बाई माझ्या खोलीच्या पायरीशेजारच्या वीतभर मातीकडे बोट दाखवत होती. चाळिशीच्या पुढची, काळीसावळी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. मी कोण, कुठली, लग्न झालं की नाही, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर त्या वीतभर मातीत पुदिना लावलेला होता.

रिकामं काही बघवत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाला रिकामा वेळ बघवत नाही, कुणाला रिकामं ताट. हिला रिकामी माती बघवत नसे. दवाखान्याच्या भिंतीलगत तिनं माझ्या नकळत दोडक्याचं बी टोचलं. वेल छपरावर चढला तेव्हा बाजाराच्या दिवशी येणारे डॉक्टर रागावले. तिनं त्यांच्या सायकलला दोडक्यांची पिशवी अडकवून दिली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनीच वेलाला आधार म्हणून एक काठी टेकवलेली मी पाहिली.

दवाखाना आणि त्याला लागूनची माझी खोली गावाच्या टोकाला आणि कुंपणापलीकडे लगेच बौद्धांची वस्ती. तिचं घर पहिलंच. घरामागचं अंगण म्हणजे झोपायच्या दोन बाजा शेजारी टाकल्या तर भरून जाईल एवढं. तेवढ्यात तिनं काय काय बसवलं होतं! खाली चवळाई आणि पालक, मध्ये वांगी-मिरच्या, कुंपणावर वाल, छपरावर दुधी. न्हाणीच्या दगडाशी अळू. कोपऱ्यात शेवगा, तोही असा छाटलेला की त्याची सावली दुपारी नेमकी पालकावर पडावी. फुटक्या घमेल्यात कोथिंबीर, तेलाच्या डब्यात कढीपत्ता.

उन्हाळ्यात वस्तीतल्या विहिरीचं पाणी तळाला जाई. तेव्हा ती माझ्याकडे बादली घेऊन यायची. हात धुतलेलं पाणी फेकायचं नाही, अशी तिनं मला ताकीदच दिली होती. बादली आधी नाकाशी धरायची. औषधाचा वास आला की परत माझ्यापुढे ठेवायची. "हे तुमच्या रोग्यायले द्या. माह्या वांग्यायले काही झालं नाही."

हा मळा हौसेतून झालेला नव्हता. ते मला हळूहळू, कुंपणावरच्या बोलण्यातून कळलं. छप्पनच्या दसऱ्याला ती नवऱ्याबरोबर नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. परत आल्यावर वस्तीनं ठरवलं, गावाची मेलेली ढोरं आता ओढायची नाहीत. गावानंही मग ठरवलं, यांना निंदणाला, वेचणीला बोलवायचं नाही. कापूस फुटून वावरं पांढरी झाली होती आणि वस्तीतल्या बायका दारात बसून होत्या. नवरा सडकेची गिट्टी फोडायला दूर गेला. हिनं अंगणातली चूल आत नेली, सरपण हलवलं आणि खुरपं घेतलं.

"वावर नाही आपल्याले," ती म्हणाली, "पण अंगण तं हाये न."

त्या वर्षी शेजारच्या तीन घरांच्या भाकरीबरोबर तिच्याच अंगणातला पाला शिजत होता. हे तिनं नाही, शेजारणींनी सांगितलं.

मी आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरून बोलावणं आलं. सुनेला सातवा महिना होता. पोरीची पापणी खाली ओढून पाहिली तर आत रक्ताचा रंगच नव्हता. पहिलं मूल गेलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज पालेभाजी खायला सांगितली. पण मे महिन्यात पालेभाजी कुठली? बाजारात कांदे आणि सुकलेली वांगी तेवढी होती. सासूनं मला विचारलं, भाजी कुठं मिळेल. मी म्हटलं, माझ्या खोलीमागं कुंपणापलीकडे मिळेल.

सासू उठून आत गेली. वेचणीची बोलावणी पहिल्यांदा ज्या घरानं बंद केली, ते हेच घर होतं.

दोन दिवसांनी ती सासू, म्हणजे पाटलीणबाई, स्वतः आल्या. कुंपणाबाहेर उभ्या राहून त्यांनी हाक मारली. मी माझ्या ओसरीवर सुया उकळत होते. चवळाईची ताजी जुडी घेऊन ही पुढं आली. पाटलीणबाईंनी दोन पावलं मागं सरून पदर पसरला.

"टाक," त्या म्हणाल्या.

"हातात घ्या."

"टाक म्हटलं न."

जुडी तशीच धरून ही उभी राहिली. आवाज जराही चढला नाही. "ढोरापुढं टाकतेत, पाटलीणबाई. माणसाले देतेत."

पाटलीणबाईंनी पदर सावरला आणि रिकाम्या हातानं परत गेल्या.

मला तिचा राग आला. माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरी पापणी होती. मी कुंपणाशी जाऊन तिला बोललेच, की आजचा दिवस पदरात टाकायची होती, पोटातल्या जिवाचा काय दोष? ती पायरीवर बसली. जुडी मांडीवर होती.

"मले काय थ्या पोरीची कीव येत नाही, बाई?" ती म्हणाली. "पण आज म्या टाकली, तं उद्या माह्या सुनेलेही असंच टाका लागन."

त्यानंतर ती आपल्याच मनाशी भांडत असावी. वाफ्यात उगाच हात घालायची, कुंपणावरून रस्त्याकडे पाहायची. मी निघाले की विचारायची, पोरगी कशी हाये. शेजारीण भाजी न्यायला आली तेव्हा तिनं चवळाईचा एक कोपरा तोडू दिला नाही.

आणि एका सकाळी ती सून स्वतःच आली. भिंतीला धरत, थांबत थांबत. घरी काय बोलणं झालं, ते मला कधीच कळलं नाही. ही धावत गेली. कुंपणाची ताटी बाजूला केली, तिला शेवग्याखाली पोतं अंथरून बसवलं. मग राखलेला कोपरा खुडून जुडी तिच्या हातात दिली. पोरीनं ती दोन्ही हातांनी घेतली, ओटीत ठेवली, आणि प्यायला पाणी मागितलं.

हिनं लोटा दोनदा घासला, मग भरून दिला. मी खिडकीतून पाहत होते, म्हणून सांगते.

बाळंतपणापर्यंत ती पोरगी येत राहिली. कधी पालक, कधी शेवग्याचा पाला. हिनं तिला पाला कसा परतायचा, तेही शिकवलं. पुढं श्रावणात माझ्याच हातांनी तिची सुटका झाली. मुलगी झाली, वजनानं कमी, पण रडली खणखणीत. ती बातमी कुंपणावरून सांगितली तर ही खाली वाकून मिरचीच्या बुडाशी माती लावत बसली.

त्या वर्षी कापूस फुटला आणि पाटलांच्या घरून वस्तीत वेचणीचा निरोप आला. बायका गेल्या. ही गेली नाही.

"मले आता येळ कुठी हाये?" दोन बाजांच्या मळ्याकडे पाहत ती म्हणाली. गिट्टीवरून परत आलेला नवरा दारात बसून हसला. त्याला मी हसताना पाहिलं ते तेवढंच.

पुढं तीन-चार वर्षांनी तिच्या मुलाला वणीकडच्या कोळशाच्या खाणीत काम मिळालं, राहायला खोली मिळाली. त्यानं आईबापांना बोलावलं. नवऱ्याच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, त्यामुळे जाणं भाग होतं. जायच्या दिवशी तिनं मळ्याकडे वळून पाहिलं नाही. तेलाच्या डब्यातला कढीपत्ता मात्र मांडीवर घेऊन ती एसटीत बसली. कंडक्टर म्हणाला, झाड छपरावर टाका. ती म्हणाली, मग मलाही तिथंच बसवा. गाडी हलली तेव्हा खिडकीतून तिच्याआधी कढीपत्ताच दिसला.

दुपारी पाटलांची सून आली. हातात पिशवी, मागं चिमुकली. दर आठवड्याची तिची फेरी होती. आज गाडी गेल्याचं मी सांगितलं. ती काही वेळ कुंपणाशी उभी राहिली. सकाळपासून पाणी न मिळाल्यानं पालकानं माना टाकल्या होत्या. तिनं पिशवी माझ्याकडे दिली, मुलीला माझ्या पायरीवर बसवलं, आणि मळ्यातली बादली उचलून वस्तीच्या विहिरीकडे निघाली. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका बोलता बोलता थांबल्या. मग त्यांतली एक जरा बाजूला सरकली, आणि पाटलांच्या घरच्या सुनेनं दोर हातात घेऊन बादली आत सोडली.