कोरडी पोती

पनवेलजवळच्या कंटेनर यार्डात मी माल सोडवायला जायचो, तेव्हाचा हा हमाल. घरचा मिठागरवाला, नाव मी कधी विचारलंच नाही. ऐन श्रावणात परदेशी सैंधवाची पोती उतरत होती. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तो प्रत्येक पोत्यावरून हात फिरवत होता. एकापाशी थांबला.

“सायेब, ह्या फोडा. पावसात मिठाला पानी सुटतं. ह्या कोरडा हाय.”

“कागद चोख आहेत. चुकलास तर उद्यापासून येऊ नकोस,” तपासणीचा साहेब गुरकावला.

“नाय येनार.”

मी छत्री मिटून पुढे सरकलो. असा खेळ फुकट कुठे मिळतो?

पोतं फाडलं. वर मूठभर मीठ, खाली हेरॉइनची पाकिटं. साहेबाने घाम पुसला आणि नव्या जावयाच्या अदबीने विचारलं, “काका, पुढचं कुठलं?”