निघतो गं

आमचे बाबा, नामदेवराव, मलकपेठहून तारनाक्याला माझ्याकडे येतात ते उभ्या-उभ्या. भाजीची पिशवी ठेवली, की "निघतो गं!" वैतागून मी खुर्ची पुढे करायचंच सोडलं होतं.

आज आले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं. लॅपटॉपवर छोटासा रिअ‍ॅक्टिव्ह सर्व्हर लिहिला होता, म्हणजे मागेल त्याला पान पाठवणारा, कुणा एकासाठी अडून न बसणारा प्रोग्रॅम. एडिटरमधलं हिरवं बटण दाबलं की सुरू व्हायचा आणि लगेच संपायचा. एरर नाही, काही नाही. शेवटी सापडलं. 'सुरू हो' लिहिलं होतं, 'थांबून राहा' लिहिलंच नव्हतं. ती ओळ घातली, सर्व्हर चालूच राहिला, ब्राउझरमध्ये पान उघडलं.

मागून आवाज आला, "निघतो गं."

"बाबा, बसा. चहा टाकते."

त्यांनी लगेच चपला काढल्या. "हौ, टाक. आज बसा म्हणालीस!"