दक्षिणेकडे तोंड

पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत कार्तिकातला काकडा साडेपाचला म्हणजे साडेपाचलाच. अन्नपूर्णाबाई कुणासाठी थांबत नाहीत. दवाखान्याच्या धोबीघरात बत्तीस वर्षं चादरी धुतल्या, तेव्हाही पहाटे आधी विठोबाला उठवायच्या, मग ड्युटीवर जायच्या. एकदा मंदिराचे अध्यक्ष लक्ष्मणराव दहा मिनिटं उशिरा आले. त्यांच्या वाट्याला फक्त प्रसाद आला.

त्याच बाई यंदा म्हणाल्या, "सुंदरा, उद्या काकडा सहाले. देव आपला होय, तो अर्धा घंटा पडून राहीन."

कारण त्यांची लेक, भावना. ती श्रीहरिकोट्याला रॉकेटच्या कामावर आहे. दोन दिवाळ्या घरी आली नव्हती. पोरगी तिकडं नेमकं काय करते असं कुणी विचारलं, की बाई "मशिनीचं" म्हणून गप्प व्हायच्या, आणि गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. आता भावनानं फोनवर सांगितलं होतं, पावणेसहाला रॉकेट उडेल, दोन-तीन मिनिटांनी दक्षिणेला अगदी खाली बघा, आभाळ साफ असलं तर क्षणभर दिसेलही. बाईंना ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

बघायचं ठरलं माझ्या गच्चीवरून, म्हणून कारभारही मीच घेतला. दक्षिणेकडे तोंड करून आपल्यात कोणी पाटावर बसत नाही, जेवत नाही. मग एवढं शुभकार्य तिकडे तोंड करून कसं बघायचं? मी सतरंजी पूर्वेकडे अंथरली. सातवीत भूगोलात मी पहिली आले होते, हेही चार बायकांना सांगून घेतलं.

वेळ झाली. समोर एक ठळक चांदणी.

"निघालं," मी म्हटलं आणि हात जोडले. बायकांनीही जोडले.

"सुंदरा, तो शुक्र होय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मी त्याले रोज पाह्यतो."

"आज जरा मोठा दिसून राह्यला," मी म्हटलं. माघार घ्यायची सवय नाही मला.

बाई उठल्या, आमच्याकडे पाठ करून दक्षिणेच्या कठड्याशी एकट्याच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाल्या, "इकडं पाहा."

मी वळले. पण वळता वळता डोळे मिटले, पांडुरंगा, पोरीचं सुखरूप वर जाऊ दे म्हटलं आणि मग उघडले. आभाळ मोकळं. बायका "गेलं, गेलं" करत होत्या. बाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

काकडा झाल्यावर भावनाचा फोन आला. "दिसलं वो माय," बाई म्हणाल्या. "पांढऱ्या सुताएवढं होतं." एवढंच बोलून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"मावशी, तुम्हाले दिसलं?"

"हो तर. चांगलं ठळक. चमकून राह्यलं होतं. जागचं हाललं नाई."

मग भावना म्हणाली, "मावशी, ते जागचं हाललं नसतं, तं आम्ही इथं रडत बसलो असतो."

आता पोरगी काय करते असं कुणी विचारलं, की बाई दक्षिणेकडे हात करून सांगतात, "ते वर गेलं ना, ते." आणि काकड्यात मी डोळे मिटले, की कोपरानं ढोसतात.

"डोये उघडे ठेव, सुंदरा. नाई तं देव येऊन जाईन, अन् तू सांगशीन दिसला म्हणून."