मीटरला तीन सेंटिमीटर

कडीना गावात नेव्हिल ट्रेव्होरोच्या शेडमधून इंजिन सुधारून निघालेली गाडी पाव मैल तेरा सेकंदांच्या आत पळते, असं सगळे म्हणत. पुरावाही होता. गाडीच्या पुढच्या काचेला नेव्ह तळहाताएवढी एक डबी चिकटवायचा. गाडी किती जोराने झेप घेते ते ती मोजायची आणि पाव मैलाची वेळ लाल आकड्यांत दाखवायची. तिची अट एकच, पळवण्याआधी उभ्या गाडीत तिला शून्यावर आणायचं. पूर्वी नेव्ह हे रस्त्यावरच करायचा. मग एका जानेवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, ऊन सोसेना, तेव्हापासून तो शेडमध्ये, गाड्या धुवायच्या जागेवर डबी शून्य करायचा आणि गाडी गव्हाच्या कोठारांमागच्या सपाट रस्त्यावर न्यायचा.

"माणूस थापा मारतो, डबी नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माणूस कामाचा चोख, त्यामुळे ते खपायचंही.

शेजारच्या मूंटा गावात रॉझलिन पॅस्को हेच काम करायची. तिचा नवरा गार्थ हा नेव्हचा जिवाभावाचा दोस्त. तो गेल्यावर तिने त्याची हत्यारं हातात घेतली. डबी अगदी नेव्हसारखीच, पण तिच्याकडच्या गाड्या तेरा पूर्णांक तीनच्या खाली काही येत नसत. दोन वर्षांपूर्वी गाडीवाल्यांच्या क्लबात पेस्टीचं, म्हणजे खिमा-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्यांचं, जेवण होतं, तेव्हा तिने सगळ्यांसमोर विचारलं, "नेव्ह, तू डबी शून्य कुठे करतोस रे?"

"माझ्या शेडमध्ये, सावलीत! का गं? नाचता येईना, अंगण वाकडं?"

लोक टेबलं बडवून हसले. रॉझलिनने त्याच्याकडे टक लावून पाहिलं, अर्धी पेस्टी कागदात गुंडाळली आणि ती उठून गेली. पुन्हा क्लबात आली नाही. तिची गिऱ्हाइकं एकेक करून नेव्हकडे आली आणि साहेबांनी ती हसतमुखाने ठेवून घेतली.

परवाच्या रविवारी नेव्हचं एक गिऱ्हाईक, डेल राउज, आपली फाल्कन गाडी घेऊन शर्यतीच्या खऱ्या पट्टीवर गेला. तिथे वेळ डबी नाही, पट्टीच्या दोन्ही टोकांना लावलेले दिवे मोजतात. नेव्हच्या डबीने त्याला बारा पूर्णांक नऊ दिले होते. दिव्यांनी तेरा पूर्णांक तीन दिले, तेही तीनदा.

"तुझा पाय हलका पडला असेल," नेव्ह म्हणाला.

"पाय माझा, गाडी माझी. आकडा तेवढा तुझा होता, म्हाताऱ्या."

सोमवारी सकाळी नेव्ह डेलने शेडमध्ये आणून टाकलेली तीच गाडी धूत होता. पाणी मागच्या चाकांपासून पुढच्या चाकांकडे गेलं, गाडीच्या नाकाखालून वाहिलं आणि भिंतीजवळच्या जाळीत उतरलं. पंचवीस वर्षं ते असंच वाहत होतं. आज ते त्याला दिसलं. त्याने पाणसळ आणून फरशीवर ठेवली. बुडबुडा सरकला तो सरकलाच.

मीटरला तीन सेंटिमीटर. हा उतार त्यानेच मागून घेतला होता, पाणी तुंबू नये म्हणून. नाक खाली करून उभी असलेली गाडी डबीला सपाटीवर स्थिर उभी वाटायची. मग सपाट रस्त्यावर गाडी उभी असली तरी डबीला ती पुढे ढकलली जातेय असं वाटायचं, आणि तेवढा जोर ती फुकटचा मोजत राहायची. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. नळी हातात तशीच वाहत राहिली. नेव्हला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायच्या सुट्टीत तो मूंटाला गेला. रॉझलिन एका इंजिनावर वाकलेली होती. टोपी हातात चुरगाळत त्याने सगळं सांगून टाकलं. फरशी, जाळी, पाणसळ. "मी गाढव आहे, रॉझ. रविवारी क्लबात सगळ्यांसमोर सांगतो."

ती हात पुसत राहिली. "ती फरशी गार्थने ओतली, नेव्ह. उताराची दोरी मी धरली होती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"त्या जेवणात तू शेडचं नाव घेतलंस तेव्हाच कळलं."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"काय बोलणार? तू हसण्यावारी नेलंस. मला वाटलं, कळून सवरून करतोयस. गार्थच्या दोस्ताला चारचौघांत चोर म्हणू?"

नेव्ह मूर्ख ठरायची तयारी करून आला होता. या घरात आपण दोन वर्षं चोर होतो, हे त्याला माहीत नव्हतं. आणि या बाईने ते झाकून ठेवलं, हातातली गिऱ्हाइकं घालवून.

"खरं सांग," ती म्हणाली, "खरंच माहीत नव्हतं तुला?"

'नव्हतं' हा शब्द त्याच्या दातांपर्यंत आला. पण त्याला तो जानेवारी आठवला. त्याची स्वतःची गाडी, सकाळी रस्त्यावर तेरा पूर्णांक तीन. दुपारी शेडमध्ये शून्य करून नेली तर बारा पूर्णांक नऊ. मधल्या वेळात त्याने साधा प्लगही बदलला नव्हता. त्याला इतका आनंद झाला होता की त्याने रस्त्यावरूनच बायकोला फोन केला होता.

"मी कधी विचारलंच नाही, रॉझ," तो खाली बघत म्हणाला.

"मी विचारलं होतं," रॉझलिन म्हणाली.