काचबिंदू पिकत नाही

"पिकलाय का हो मॅडम?" मी विचारलं.

डॉक्टर मॅडमनी माझ्या डोळ्यावरचा लाइट बंद केला. "काकू, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे, ग्लॉकोमा. हा पिकत नाही, गुपचूप नजर खातो. उजव्या डोळ्याची बरीचशी खाऊन झालीय. आता डावा वाचवायचाय."

तेव्हा मला काय वाटलं सांगू? भीती नंतर वाटली. आधी राग आला, माझ्या धाकट्या जावेचा. शालन शेजारीच बसली होती, मोतीबिंदू काढून टकाटक झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे टुकुटुकु बघत.

मी मुलुंडला राहते, घरी ब्लाउज शिवते. शालनचं बिऱ्हाड आमच्याच मजल्यावर. बरेच महिने उजवीकडून येणारं माणूस अंगावर आदळल्याशिवाय मला कळायचं नाही. एकदा चहाचा कप टेबल सोडून हवेतच ठेवला. दुखत नव्हतं, लाल नव्हतं. शालन म्हणाली, "मोतीबिंदू तो. पिकू दे गो वयनी. माझो नाय पिकलो?" आम्ही कोकणातली माणसं. आंबा, फणस, मोतीबिंदू, सगळं पिकल्यावरच कापायचं. मी थांबले. मॅडम म्हणाल्या, हल्ली मोतीबिंदूसुद्धा पिकेपर्यंत कुणी थांबत नाही. घ्या!

मग तपासण्या सुरू झाल्या. टोनोमेट्री म्हणजे डोळ्यातलं प्रेशर मोजणं. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो. आणि फील्ड टेस्ट. पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं आणि बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. खोलीतल्या कापडी पडद्यापलीकडच्या मशीनवर कुणीतरी टकटक टकटक बटण दाबत होतं. माझं बटण मुकं. त्या न पाहिलेल्या माणसाचासुद्धा मला हेवा वाटला.

त्या हॉस्पिटलात मोतीबिंदूवाल्यांचा नुसता सणच असायचा. पट्टी निघाली की, "अगंबाई, किती स्वच्छ दिसतंय!" म्हणत बाहेर यायच्या बायका. मी समोरच्या बाकावर जळफळत बसायचे. आजार त्यांच्याही डोळ्यात, माझ्याही, नावातही बिंदू दोन्हीकडे, पण त्यांना मोती मिळाला आणि मला काच. हा काय न्याय झाला?

शालनचं तर विचारू नका. घरात आली आणि मान वर करून म्हणाली, "वयनी, तुझ्या पंख्यावर केवढी धूळ गो!"

"नवे डोळे माझ्या पंख्यासाठी मिळाले का तुला?" मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं मी मस्करी करते.

एकदा मी मॅडमना सरळ विचारलं, गेलेली नजर परत का येत नाही? मोतीबिंदूवाल्यांची येते ना? त्यांनी शांतपणे समजावलं. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत मरतात त्या मज्जापेशी. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला रेटिना नावाचा पडदा असतो. तिथल्या या पेशींच्या बारीक तारा थेट मेंदूपर्यंत जातात. त्यांना जगायला नुसता रक्तपुरवठा पुरत नाही. मेंदूकडून आणि शेजारच्या पेशींकडून ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं यावी लागतात. ती पेशीच्या दाराशी चिकटतात, आणि आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, जगत राहा. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवायची सोय असते. हा निरोप येत राहिला तर ती सोय बंद राहते. प्रेशर वाढलं की तारा डोळ्यातून निघतात तिथेच चेपतात, निरोप नीट पोचत नाही, आणि हळूहळू पेशी मिटत जातात.

"मग ते फॅक्टर टोचा की मला!"

"संशोधन चालू आहे काकू. पण बाहेरून दिलेलं डोळ्यात फार टिकत नाही. आणि मेलेली पेशी त्याने उठत नाही. आज आपल्या हातात आहे ते प्रेशर कमी करणं."

म्हणजे पेशीलासुद्धा कुणीतरी रोज विचारावं लागतं, बाई, जेवलीस का. मला रोज असं विचारणारी कोण? मुलगा दिंडोशीला, त्याच्या नोकरीत बुडालेला. विचारते ती शालनच. देवाचीपण कमाल आहे.

थेंब सुरू झाले, जन्मभराचे. माझा नेम चुकायचा, औषध गालावर. शेवटी शालनच घालायची, एका फटक्यात, बरोब्बर डोळ्यात. तिचा हात हललासुद्धा नाही की माझा आणखी संताप व्हायचा. तरी डाव्या डोळ्याचं प्रेशर उतरेना. मॅडम म्हणाल्या, ट्रॅबेक्युलेक्टॉमी करू. डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला छोटी वाट करून द्यायची. "नजर वाढणार नाही हं. आहे ती टिकावी म्हणून करायचं."

शालन एकदम म्हणाली, "मॅडम, माझो एक डोळो काढून हिका लावा."

मॅडमनी सांगितलं, अख्खा डोळा बसवता येत नाही, मेंदूकडे जाणारी तार जोडता येत नाही. आतापर्यंत हिच्या डोळ्यांचा हेवा करत होते, आता मनाचाही करायचा का? तिच्या जागी मी असते तर असं बोलले असते? नसते, शप्पथ.

ऑपरेशन झालं. महिनोन्महिने तपासण्या चालल्या. मग पुन्हा फील्ड टेस्ट. जुना आणि नवा कागद शेजारी धरून मॅडम म्हणाल्या, "डावा आहे तेवढाच आहे. छान." आहे तेवढंच, हीच आमच्या आजारातली दिवाळी. ब्लाउजांचं हूक-काज अजून मीच करते, थोडी मान वळवून. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं पिकायची वाट बघत बसलं असेल तर आजच उठा. चाळिशीनंतर डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या. रक्ताच्या नात्यात कुणाला काचबिंदू असेल तर आधी घ्या. माझ्या मुलाला मी कान धरून नेलं, त्याचं ठीक आहे.

गेल्या महिन्यात शालन म्हणाली, "वयनी, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात गो." प्रेशर वाढलं की अशी कडी दिसू शकतात, हे मला माहीत होतं. मीच तिला हॉस्पिटलात नेलं. ती आत, मी बाहेर बाकावर. इतके दिवस ज्या डोळ्यांवर जळले त्याच डोळ्यांसाठी स्वामींचं नाव घेत बसले.

मॅडम बाहेर आल्या. "प्रेशर नॉर्मल. बसवलेल्या भिंगामागे थोडी साय धरलीय, लेझरने निघेल."

माझा जीव भांड्यात पडला. आणि मग, बघा म्हटलं, हिचं हेसुद्धा निघणारच! जळले मी, खोटं कशाला बोलू. पण आधी जीव भांड्यात पडला, मग जळले.